किल्ली कुणाच्या शब्दाला फिरली

तुमच्या या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागनं पावलं वाजतात... मला इतक्या वर्षांत काही दिसलं नाही. माहेरी तंबाखूच्या रानात राखणीला एकटी झोपलेली बाई मी. अंगात येणाऱ्या बायका बघितल्या, आणि अंगातलं उतरल्यावर त्याच बायका चहात साखर कमी पडली म्हणून भांडताना पण बघितल्या. त्यामुळं भूत, करणी, उतारा असल्या गोष्टींना मी कधी किंमत दिली नाही. आजही देत नाही.

पण एक गोष्ट घडली आहे आणि ती आमच्या दारात चार चाकांवर उभी आहे. तिच्यावर हसता येत नाही, म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, मोठे शब्द मला येत नाहीत. घडलं तसं सांगते.

आम्ही पिरनवाडीला राहतो, बेळगावातनं खानापूरकडं निघालं की लागतं ते. आमचे मालक — नाव घेत नाही, जुनी सवय आहे — शेतीच्या पंपांचे एजंट होते. संकेश्वर, निपाणी, चिकोडी हा सगळा त्यांचा भाग. आठवड्यातनं दोनदा तरी तिकडं जायचे, कधी मुक्काम करायचे. जुनी पांढरी गाडी होती. मागच्या काचेवर लाल अक्षरात 'संजू' लिहिलेलं. संजू आमचा मुलगा, उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे.

मालकांची एक सवय होती. गाडीत बसायचे, किल्ली घालायचे, आणि खिडकीतनं मान काढून म्हणायचे, "येतो गं." मग थांबायचे. मी दारातनं "या" म्हटलं की मगच किल्ली फिरवायचे. आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात, आणि घरातल्यांनी 'या' म्हणायचं असतं. हे सगळेच पाळतात. पण यांचं जरा जास्तच होतं. मी 'या' म्हटलं नाही तर गाडी जागची हलायची नाही.

एकदा मी न्हाणीत होते. हे बाहेर हॉर्न वाजवत बसले. शेजारची सुमनक्का भिंतीवरनं ओरडली, "अण्णा, मी म्हणू काय या?"

हे म्हणाले, "तुझ्या 'या'नं चालू होत न्हाय गं ती. तिला घरचं पेट्रोल लागतंय."

सगळी गल्ली हसली. मी ओल्या केसांनी बाहेर आले, "या" म्हटलं, गाडी गेली. तेव्हापासनं आमच्या गल्लीत ते 'घरचं पेट्रोल' चिडवायला झालं. मी वरवर चिडायचे.

माणूस गोड नव्हता, हे आधीच सांगते. कधी स्वतः होऊन साडी आणली नाही. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात सोबतीला माझी बहीण होती, हे नव्हते. म्हणाले, निपाणीला अर्जंट काम आहे. असू दे म्हटलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एकटीचं असं काय होतं विचाराल तर ते खिडकीतनं थांबणं होतं. दुसरं काही आठवत नाही.

आणि डबा. भागात जाताना मी डबा द्यायचे. तो संध्याकाळी घासून, पुसून, झाकण लावून परत यायचा. एवढा स्वच्छ डबा घासणारा पुरुष मी कुठं पाहिला नव्हता. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी बायकांना कौतुकानं सांगत होते.

मागच्या थंडीत संजूला फोन आला. संध्याकाळी ॲम्ब्युलन्स दारात. निपाणीत रस्त्यात छातीत दुखलं, लोकांनी दवाखान्यात नेलं, तिथंच संपलं... असं संजूनं सगळ्यांना सांगितलं. मला पण तेच सांगितलं.

राख सावडून झाल्यावर माझे धाकटे दीर म्हणाले, "वैनी, गाडी कुठं हाय?"

संजू मधीच बोलला, "एका गिऱ्हाइकाच्या दारात हाय काका. आणतो की मी."

तो गेला आणि एसटीनं मोकळाच परत आला. म्हणाला, किल्ली फिरत नाही. परत गेला, तिथल्या मेस्त्रीला दाखवलं, परत मोकळा. मग मी त्याला स्वयंपाकघरात गाठला.

"कसलं गिऱ्हाइक हाय रं हे? दोनदा गेलास, नाव सांगत न्हाईस."

"जाऊ दे की आई."

"बाई हाय?"

त्यानं तांब्या उचलला. पाणी न पिताच परत ठेवला.

"त्यांच्या छातीत रस्त्यात दुखलं न्हाय. व्हय ना?"

"न्हाय. तिच्या घरात."

"तुला कधीपासनं ठावं हाय?"

"कॉलेजात होतो तवापासनं."

संजूच्या कानाजवळचे केस आता पांढरे झालेत. म्हणजे किती वर्षं ते तुम्हीच बघा. माझ्या हातचं खाऊन, माझ्यासमोर बसून हा गप्प राहिला. बापाशी इमान राखलं म्हणे. माझ्याशी कुणी राखायचं ते ठरलेलं नव्हतं.

मी रडले नाही. रडायला घरात माणसं भरपूर होती. मला एकच दिसत होतं — ती गाडी. पांढरी, मागं लाल अक्षरात 'संजू', त्या बाईच्या दारात. पंपवाल्यांची गाडी म्हणून त्या भागात ती कुणालाही ओळखू येते. बाराव्याला संकेश्वर-निपाणीची पाहुणेमंडळी आमच्याकडं येणार. त्यातला एक जण जरी म्हणाला, "वैनी, गाडी अजून तिथंच हाय की," तर झालं. हे कुठं गेले ते सगळ्या भावकीला कळणार आणि जेवणाच्या पंगतीत चघळलं जाणार. गेलेला माणूस सुटला. मला इथंच राहायचं होतं.

तोवर गाडी माझ्या दारात यायला पाहिजे होती. बस्स.

सुतकात बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही. मी चपला घातल्या तेव्हा सून घाबरली. "आत्ती, लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "लोकांनी काय म्हणू नये म्हणूनच निघालोय."

संजूला घेऊन बेळगाव स्टँडवरनं निपाणीची बस धरली. खरं सांगते, किल्ली फिरत नाही हे मला पटलंच नव्हतं. मला वाटत होतं, त्या बाईनंच काहीतरी करून ठेवलंय, गाडी सोडायची नाही म्हणून. आणि संजू हा असला मेणासारखा.

दुपारी पोचलो. निपाणीत चिकोडी रोडच्या अंगाला एक गल्ली, बसकी घरं, एका घरापुढं बदामाच्या झाडाखाली आमची गाडी. टपावर पानं पडलेली. पण काचा पुसलेल्या होत्या. ते बघून माझं डोकं फिरलं.

मी मनात एक बाई तयार करून गेले होते. ओठ रंगवलेली, तोंडाळ. दारात आली ती माझ्याएवढीच म्हातारी. पांढरी वेणी, जाड चष्मा, पायरी उतरताना गुडघ्यावर हात. कानडी शाळेत मास्तरीण होती, रिटायर झालेली. कानडी शाळेच्या बाईंना आमच्याकडं अक्कोर म्हणतात, सगळी गल्ली तिला तेच म्हणत होती. म्हणजे माझ्यापेक्षा शिकलेली. तेही ठीक.

"आत या री," ती म्हणाली. मराठी चांगलं होतं, पण कानडी हेल.

"आत यायला आलो न्हाय. गाडी न्यायला आलोय."

"ऊन लई आहे री. सावलीत तरी थांबा. पाणी देते."

"नको."

मग ती पायरीवरच उभी राहिली. तिच्या मागं दार उघडं होतं आणि आत खुर्चीच्या पाठीवर एक टॉवेल वाळत होता. आमच्या घरचा, हिरव्या काठाचा. तो हरवला म्हणून मी कामवालीला बोलले होते.

संजूनं मेस्त्रीला बोलावलं होतं. मेस्त्री बसला, किल्ली घातली. आत गेली नीट, पण फिरेना. स्टेअरिंग लॉक झालं असलं की किल्ली फिरत नाही, चाक जरा डावं-उजवं हलवत फिरवायची, एवढं मलाही ठाऊक आहे. त्यानं ते केलं. ऑइल मारलं. दुसरी किल्ली घालून बघितली. पान्ह्यानं वरनं हलकं ठोकलं. मग संजूनं बघितलं, त्याच्या हाताला वळ उठले. फिरेना म्हणजे फिरेना.

"आक्का," मेस्त्री घाम पुसत म्हणाला, "लॉक बिघडलेला न्हाय. बिघडला असता तर हाताला कळलं असतं. कुणीतरी आतनं धरून बसल्यागत लागतंय."

"मग आता?"

"फोडायचा. न्हायतर चेन लावून ओढत नेऊया."

चेन लावून म्हणजे भर दुपारी निपाणीच्या बाजारातनं आमची गाडी वरातीसारखी न्यायची. "ओढत न्यायची न्हाय," मी म्हटलं. "फोड." तो छिन्नी-हातोडा आणायला दुकानात गेला. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या होत्या. बघणं पण नाही आणि न बघणं पण नाही, तसल्या.

संजू गाडीतच बसला होता, हात किल्लीवर. आणि मला ते एकदम सुचलं. सुचलं म्हणजे काय... माणूस किल्लीला हात लावून बसलाय, खिडकी उघडी आहे, मी बाहेर उभी आहे. चाळीस वर्षं हेच केलेलं.

मला लाज वाटली. पण मी खिडकीजवळ गेले आणि म्हटलं, "या."

संजूनं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं, लहानपणापासनं बघितलेलं होतं त्यानं. त्यानं किल्ली फिरवून बघितली. नाही.

"या," मी मोठ्यानं म्हटलं.

नाही.

"या म्हटलं की! या आता. बारा गावांत शोभा झाली तेवढी पुरे, घरला चला!"

आवाज चढला होता. समोरच्या दारातली एक बाई आत गेली. किल्ली हलली नाही. मी बाजूला झाले. "फोडू दे त्याला," म्हटलं, "माझ्यानं झालं तेवढं केलं." आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले.

मागं अक्कोर पायरी उतरून फाटकापर्यंत आली होती. तिला वाटलं असेल आम्ही निघालो. का काही वाटलंच नसेल, सवय असते जिभेला. ज्याच्या घरात माणूस गेलंय तिथनं निघताना 'येतो' म्हणत नाहीत, 'या' म्हणत नाहीत. मराठीत नाही आणि कानडीतही नाही. गुपचूप निघायचं असतं. पण तिच्या घरात सुतक कुठं होतं? तिला सुतक पाळायचा हक्कच नव्हता. तिनं गाडीत बसलेला माणूस बघितला, किल्लीवरचा हात बघितला, आणि तोंडातनं निघून गेलं.

"होगी बर्री."

म्हणजे, जाऊन या.

खट् झालं. मी ऐकलं. संजूनं जोर लावला नव्हता, तो माझ्याकडं बघत होता. किल्ली त्याच्या हातात आपोआप फिरल्यासारखी फिरली आणि इंजिन चालू झालं. इतके दिवस थांबलेली गाडी, एकदाही न गुरगुरता.

संजूनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, चटका बसल्यासारखे. अक्कोरनं पदर तोंडाला लावला. चष्म्याच्या आत तिचे डोळे मोठे झाले होते. भीतीनं नाही. ती गाडीकडं बघत होती, हाक मारल्यावर कुणीतरी 'ओ' दिल्यासारखी.

मी तिच्याकडं चालत गेले.

"तुमच्याकडं पण थांबायचे?" मी विचारलं.

तिनं मान हलवली.

"किल्ली धरून?"

"हूं. मी बर्री म्हणेपर्यंत." मग हळूच म्हणाली, "एकदा मी चिडून बोलले नाही, तर ते दुपारपर्यंत गाडीत बसून होते. म्हणायचे, हिला..."

ती थांबली. पुढचं मी म्हटलं, "घरचं पेट्रोल लागतंय."

अक्कोरनं खाली बघितलं. "मनी पेट्रोल बेकु, म्हणायचे."

मनी म्हणजे घर, बेकु म्हणजे पाहिजे. एवढं कानडी मला येतं.

त्या बाईला मी वाईट बोलू शकले असते. गल्ली वाटच बघत होती. पण बोलायचं काय? माझ्याइतकीच फसलेली होती, फक्त मला मंगळसूत्र होतं आणि तिला नव्हतं. तिनं विचारलं, "टॉवेल नेणार काय?" मी म्हटलं, "ठेवा." आणि गाडीत बसले. मेस्त्री छिन्नी घेऊन पळत आला, त्याला संजूनं हातानंच नको म्हणून सांगितलं.

येताना आम्ही कुठं थांबलो नाही. संकेश्वरला संजूला चहा पाहिजे होता, पण गाडी बंद करायची त्याची छाती झाली नाही. हत्तरगी गेल्यावर तो म्हणाला, "आई, स्टेअरिंग लॉक असं कधी कधी आपोआप सुटतंय. हलवून हलवून सैल झालं असंल."

"असंल," मी म्हटलं.

"योगायोग."

"गाडी चालव."

बारावं झालं. निपाणीचे पाहुणे आले, जेवले. दीर म्हणाले, "आणली काय गाडी, बरं झालं." कुणाला काही कळलं नाही. ज्यासाठी गेले होते ते झालं. आज हे लिहिते तेव्हा सगळं कळणारच आहे, पण आता माझं मन त्यातनं उठलंय. माझं नाव तेवढं छापू नका म्हणून संपादकांना वेगळं कळवलंय.

गाडी दारात आल्यावर संजूनं ती बंद केली. ती शेवटची.

पुढं विकायला गिऱ्हाईक आलं तेव्हा किल्ली परत फिरेना. उद्यमबागेतला मेस्त्री आणला. त्यानं लॉक खोलून बाहेर काढला आणि पायरीवर बसून माझ्यादेखत किल्ली फिरवली. लोण्यात बोट फिरावं तशी फिरली. इकडं, तिकडं, परत इकडं. गाडीत बसवला, ठप्प. परत काढला, फिरतोय. परत बसवला, ठप्प. असं करून करून तो वैतागला आणि म्हणाला, "नवीन लॉक टाकूया आक्का, किटकिट नको."

मी नको म्हटलं. संजू चिडला. म्हणाला, "मग तू म्हणून बघ."

मी दारात उभी राहून "या" म्हटलं. नेहमीच्या जागेवरनं, नेहमीच्या आवाजात. काही नाही. सुमनक्का भिंतीपलीकडं होती, ती हसली नाही.

मग संजू माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, तो दुसरा शब्द म्हण की. एकदाच. गिऱ्हाईक उभं हाय."

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं परत तो विषय काढलेला नाही. गिऱ्हाईक गेलं.

याला कारण काय, ते मला माहीत नाही. मालक त्या गाडीत आहेत असं मी म्हणणार नाही, मेलेला माणूस लॉकमध्ये बसत नाही. मेस्त्री म्हणतो आतली पिन कुठंतरी वाकडी असणार. असेल. पण वाकडी पिन मराठी ऐकत नाही आणि कानडी ऐकते, असं त्याला पण म्हणता येत नाही.

आता गाडी अंगणात आहे. टपावर कोंबड्या बसतात. किल्ली माझ्या कमरेला असते. सकाळी झाडून झालं की मी दार उघडते, किल्ली घालते, तिला बोट लावून 'या' म्हणते. वेड लागलं म्हणून नाही. चाळीस वर्षं म्हटलं, त्यातलं एकदा तरी गाडी माझ्या शब्दानं हलली होती काय, एवढंच बघायचंय. अजून फिरलेली नाही. मी दार लावते आणि चहा ठेवते.

कानडी मला चांगलं येतं. बाजारात भाजीवालीशी मी कानडीतच भांडते. त्या दोन शब्दांना अर्धा श्वास पण लागायचा नाही.

तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर कळवा, मी वाचीन. फक्त ते म्हणून बघा, एवढं मला लिहू नका.